नसरीनच्या मशिनचं पानी

मी मूळचा सोनईचा. वडील सायकलीच्या दुकानात कामाला हुते, मला मातर मोठ्या गाड्यांचं याड, म्हनून मामूनं नगरला आनलं आन नागापूरला रेडिएटरवाल्याकडं बसवलं, तवापासनं हे हात काळे ते काळेच. ट्रक असू द्या, ट्रॅक्टर असू द्या, रेडिएटर खोलायचा, गाळ काढायचा, गळत असंल तिथं कथलाचा डाग द्यायचा, पानी भरून द्यायचं. आता पितळेचं कोन वापरतंय, समदं प्लास्टिक, गळलं की फेकलं. त्याचं मला दुख न्हाई, चालायचंच.

तर काय सांगू तुमाला, ह्या वयात मी कंप्युटरचा रेडिएटर खोलला. माझी पोरगी नसरीन, तिची अम्मी गेल्यापासनं घरात आमी दोघंच. ती बिल्डर लोकांसाठी चित्रं बनवती, बिल्डिंग अजून पायातच असती आन हिच्या चित्रात गॅलरीत कपडे वाळत घातलेले. मशिन तिनं जुनं घेतलेलं, काचेचा डबा, आत नळ्या, नळ्यांतनं पानी फिरतंय, गाडीत फिरतं तसंच. ते लई तापाया लागलं, चित्र अर्ध्यात आलं की बंद. जिथनं तिला काम यायचं ते पुन्याचं हापिस म्हनायचं, इकडंच ऱ्हायला या, इथं मशिनी हायत. मी मनात म्हनलं, घरातलं मशिन नीट चाललं तर पोरगी जाईल कशाला. म्हनून मीच म्हनलं, आन इकडं, मी बघतो.

जुनं पानी काढलं तर शेवाळागत हिरवं. आतला तांब्याचा ठोकळा खोलला, त्याच्या बारीक फटींत लगदा बसलेला, तो दात घासायच्या ब्रशनं काढला. मंग बॅटरीत टाकत्यात ते पानी घालायचं, फिरवायचं, काढायचं, परत घालायचं, स्वच्छ येईस्तोवर. नसरीन शेजारीच बसलेली, ह्या नळीचं तोंड कुठं, हे आदी का, ते मागनं का, सारखं इचारायची. मला बरं वाटत हुतं.

नवं कुलंट, म्हंजी थंड ठिवायचं औषधी पानी, भरलं आन तिथं माझा हात सवयीनं गेला. गाडीत कसं, पानी भरलं की इंजिन चालू करून गरम करायचं, त्याबिगर आतली हवा निघत न्हाई. मी सरळ मशिनचं बटन दाबाया गेलो तर नसरीन वरडली, अब्बा, हात काढा, नळ्यांत हवा हाय, पानी पोचायच्या आत चिप जळंल. इथं आदी नुसता पंप चालवायचा, बाकी समदं बंद. म्हनलं बरं बाई, तुझं मशिन, तुला ठावं. मंग तिनं पंप लावला, मी डबा हळूहळू इकडं कलता, तिकडं कलता केला, बुडबुडे वर येत गेले. जोडांखाली टिशू पेपर ठिवले हुते, ते कोरडेच. मशिन चालू केलं, तिचं सगळ्यात जड चित्र लावलं, पुरं झालं, बंद पडलं न्हाई. मी लई खूश, म्हनलं झालं, आता कुठं जायाची गरज न्हाई.

ती म्हनली, अब्बा, आता पानी परत काढू. टेम्पोत भरलेलं न्हेत न्हाईत, हिंदकळून जोड सुटत्यात.

मी म्हनलं, कुठं न्हेतीस. ती म्हनली, पुन्याला, मी हो म्हनलंय त्यांना. मंग भरलं कशाला, म्हनलं, एवढा येळ. म्हनली, तिथं मलाच भरायचंय, तुमी कसं करता ते बघून घेत हुते.

मी पानी काढलं. नळ्यांची तोंडं बंद करून दिली.

आता ती तिकडं, मी हितं, दुकान उघडतो, एखादा ट्रॅक्टरवाला येतो. परवा तिनं व्हिडिओ कॉल लावून मोबाईल टेबलावर ठिवला आन मशिन भरलं. वरच्या नळीत बुडबुडा अडकलेला मला दिसला, म्हनलं सांगावं, डबा जरा उजवीकडं कलव, तर तिनं आदीच कलवला. घर सुनं लागतं, पन अल्ला तिला सुखात ठेवो.