कावेरी पैलवानाचे बिनरजेचे चार महिने

मंडळी, आज जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या बायकोचा बसला नाही. आणि तिनं तर लग्नाच्या वेळी माझ्या पगारावरसुद्धा विश्वास ठेवला होता.

तर प्रश्न असा — देहानं हाक मारली आणि आपण कान झाकून घेतले, तर ती तपश्चर्या म्हणायची की उद्धटपणा? घाईनं माना डोलवू नका. विषय बायकांच्या पाळीचा आहे. ज्या पुरुषांना लाज वाटते त्यांनी बाहेर जाऊन चपला राखाव्या... कुणी उठत नाही? म्हणजे सगळ्यांनाच ऐकायचंय. ऐका तर.

कासारशिंगी नावाचं गाव. तिथं दाजीबा वस्तादांची तालीम, तालमीत सहा मुली, आणि सहांत भारी कावेरी. वजन चोपन्न किलो. पण वस्तादांच्या डोक्यात आलं, पन्नास किलोच्या गटात दम असलेली पोरगीच नाही. कावेरी चार किलो उतरली की जिल्ह्याची गदा आपलीच.

"उतरशील?" वस्ताद म्हणाले.

"उतरते," कावेरी म्हणाली.

झालं. सकाळी कोरा चहा, दुपारी अर्धी भाकरी, रात्री दुपारच्या भाकरीची आठवण. आणि मेहनत तीच — पाचशे बैठका, दोरावर चढणं, सगळं. महिन्याभरात पोरगी इतकी हलकी झाली, की तालमीतला पंखा लावला की तिला खांबाला धरून उभं राहावं लागे. हसता काय? मी स्वतः खांब पाहिलाय.

आता या तालमीचा एक नियम. माती मारुतीरायाची, म्हणून पाळीच्या चार दिवसांत मुलींनी यायचं नाही. वस्ताद हजेरीच्या वहीत 'रजा' लिहायचे. बाकी पाचजणींच्या नावापुढे दर महिन्याला चार रजा. कावेरीच्या पुढे श्रावणात नाही, भाद्रपदात नाही. ज्येष्ठापासून एकही नाही!

वस्ताद वही छातीशी धरून म्हणायचे, "याला म्हणतात निष्ठा. मारुतीरायानंच हिला सूट दिली."

आणि खरं सांगू? कावेरीलाही आधी बरंच वाटलं. कटकट गेली, मेहनत बुडत नाही. पण मग फणीत केसांचे पुंजके यायला लागले. भर उन्हात थंडी वाजायची. आणि तालमीतल्या ज्या रेश्माला ती एका हातानं उचलून टाकायची, ती रेश्मा हलेना. कावेरीनं हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर गटातून काढतील. रोज बाकीच्या गेल्यावर ती रेश्माएवढं पोतं उचलून बघायची, आणि रोज पोतं जड व्हायचं.

दसऱ्याला वस्तादांनी काय करावं? सत्कार! बिनरजेची पैलवान म्हणून फेटा, नारळ, हार. भाषण रंगात आलं होतं, तेवढ्यात मागून कावेरीची आत्या उठली. हौसाबाई. दहा म्हशींची मालकीण, तोंड सरळ.

"दाजी, एक विचारू? तुमची म्हैस चार महिने माजावर आली नाही, तर तुम्ही तिला हार घालता?"

वस्ताद म्हणाले, "छे, डॉक्टर बोलावतो."

"आणि?"

"पेंड वाढवतो."

"मग माझ्या भाचीनं काय घोडं मारलंय?"

हार तसाच हातात राहिला, मंडळी. दुसऱ्या दिवशी आत्या, भाची आणि वस्ताद तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंसमोर. बाईंनी सगळं तपासलं, सगळं विचारलं. म्हणाल्या, "घरात सरपण कमी पडलं की शहाणी बाई काय करते? पाहुण्यांचा चहा बंद करते, घरच्यांचा भात चालू ठेवते. हिच्या शरीरानं तेच केलंय. खाणं इतकं कमी आणि कष्ट इतके, मग पाळी थांबवली. यात पुढं हाडं ठिसूळ होतात. औषध एकच — पोटभर जेवण आणि मेहनत कमी. धीर धरा, महिने लागतील."

"आणि पन्नासचा गट?" कावेरीनं विचारलं.

"त्यात दुसरं कुणीतरी लढेल," बाई म्हणाल्या.

पोरगी एसटीत रडली. वस्तादांनी खिडकीकडे तोंड केलं. मग घरी जाऊन त्यांनी स्वतः एक दिवस अर्ध्या भाकरीवर काढला. संध्याकाळपर्यंत त्यांना देवळात दोन मारुती दिसायला लागले. दुसऱ्या दिवसापासून ते डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन तालमीत. कावेरी खाऊ लागली. किती? तिच्यासाठी दळून दळून गावातली तीन जाती झिजली, इतकं.

पौषात जिल्ह्याची निवड. कावेरी छप्पन्न किलो, गट सत्तावन्नचा. सकाळी वस्ताद निघायच्या तयारीत, आणि ही दारात.

"वस्ताद, आज माझी रजा लागतेय."

"आली?"

"आली."

वस्ताद पायरीवर बसले, फेट्याचं टोक डोळ्यांना लावलं. सात महिन्यांनी हो! पण नियम? चाळीस वर्षांचा नियम, आणि कुस्ती आजच.

"दुखतंय?"

"थोडं. पण लढायचंय मला."

"मग चल."

"आणि मारुतीराया?"

"त्याला मी सांगतो. जन्मल्या जन्मल्या सूर्य गिळायला उडी घेतली ती कशापायी? भुकेपायी. त्याला कळतं सगळं."

आणि मंडळी, ती लढली. समोरची पोरगी अशी फेकली, की ती थेट शेजारच्या तालुक्यात पडली आणि तिथल्या स्पर्धेत तिसरी आली. वस्तादांनी ती वही विहिरीत टाकली. आता तुमच्याकडे वळतो. लग्नासाठी, फोटोसाठी, साडी नीट बसावी म्हणून लेकींचं ताट कोण अर्धं करतं? "हिला कमी वाढा, सुटत चाललीय," असं पंगतीत कोण म्हणतं? आपणच ना? पण त्या दिवसापासून कासारशिंगीनं कानाला खडा लावला. आजतागायत त्या गावात एकही पोरगी वजनासाठी उपाशी राहिलेली नाही.

"खोटं आहे, बुवा."

कोण बोललं? उभी राहा, बाळ.

"मी कासारशिंगीची. परवा कुस्तीच्या गटासाठी माझं वजन करणार आहेत. सकाळपासून एका सफरचंदावर आहे."