डिंपलच्या मोबाइलमधला नवरदेव

“देवाची आण, शब्द न् शब्द खरा हाय!” रुखमिणीआजी ओसरीवर जमलेल्या बायांना ओरडूनच सांगू लागली. त्या सकाळी वरठी टेशनावर तिच्या बाजूच्या बाकावर बेबीबाई आपल्या पोरीच्या, डिंपलच्या मोबाइलात डोकावून राहिली होती.

“हा टोपीवाला बरा दिसते, डिंपल. शेती किती याची?”

“माय, स्थळ नोहे थे! युरोपातले जुने चित्रं हायेत.”

“मंग? तिकडं नांदशीन.”

“मरून तीनशे वर्सं झाले त्याले!”

“म्हणजे सासूबी नाही. असं स्थळ कायले सोडतं वो?”

“मले लगन नाही कराचं. नागपूरले जाऊन असे चित्रं काढणं शिकाचं हाय.”

“हे हातानं काढलं? गळ्याच्या जाळीदार कॉलरचा टाका न् टाका दिसून राहिला, बापा!”

“हातानंच, माय.”

“शिक मंग. तुह्या बापाले मी पाहतो.”

रुखमिणीआजीनं तोंडाला पदर लावला.

“सासूचं बोलणं तेवढं मी माह्या मनानं घुसाडलं. बेबीबाई ‘शिक’ म्हणली, थे खरं हाय.”