कवड्याचं आवतन

...नाही, तुमीच मले सांगा, पोळ्याच्या दिवशी कोणता कास्तकार आपले बैल सोडून दुसऱ्याच्या दारी जेवाले येते? अन् आले! न बोलावता आले! वलगावचे शेषराव, डोक्याले नवा फेटा, पायी चालत. अंगणात बसले अन् म्हणते, "नत्थुजी, आज सुपारी फोडूनच टाकू." माझी नात सत्यवती, बाप नाही हो पोरीले, तिचं बोलणं त्यायच्या धाकट्या पोरासंगं चालू होतं. मले तं आनंदच झाला. जेवण झालं का सुपारी फुटणार. पण जेवण कवा? बैल जेवल्यावर! तुमाले तं ठाऊकच हाय, पोळ्याले बैल जेवला नाही तं घर जेवत नाही.

अन् माझा कवड्या जेवेना, बाप्पा!

तसा कवड्या गुणाचा हो. दोष त्याचा नाही. दोष या कापसाचा! दर्यापार कुठं लढाई लागली म्हणते, अन् इकडं आपल्या कापसाले असा भाव चढला का लोकायनं ज्वारी पेरणंच सोडलं. ज्वारी नाही तं कडबा कुठून येईल? वावरात कापूस, गायरानात कापूस, उद्या माणूस झाडाखाली निजला तं त्याच्या पाठीवर सरकी टोचतीन! मंग ढोरायनं खावं काय?

तं आमच्या गावचा कलाल, चंद्रभान, तो म्हणे, "नत्थुजी, मोहाची दारू काढली का चोथा उरते, मी फेकूनच देतो. न्या ना बैलाले!" आता आमच्या घरात सात पिढ्यांत कोणी थेंबाले शिवलं नाही, गळ्यात माळ हाय माझ्या... पण बैलाच्या गळ्यात तं घुंगरं हायेत न? आणलं एक टोपलं. पहिल्या दिवशी कवड्यानं हुंगलं, मानपान राहिलेल्या जावायासारखं माझ्याकडं पाहिलं, अन् मान फिरवली. दुसऱ्या दिवशी चाटलं. मंग काय विचारता! वावरातून सुटला का घराकडं वळेच ना, नीट भट्टीच्या दाराशी जाऊन उभा! पारावरचे लोक म्हणत, "चालला पाहा कवड्या बैठकीले!" अन् घरी आमची कारभारीण मनकर्णाबाई, "घरात माळ अन् बैलाच्या कोठ्यात भट्टी! शोभते तुमाले!"

शोभत नाही, पण पोट तं भरते न त्याचं?

बरं, पोळ्याच्या आदल्या सांजेले रीतीनं सारं केलं. खांद्याले तूप-हळद चोळली, कानात सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी शिंगाले बेगड, अंगावर झूल, तोरणाखाली असा उभा राहिला का नवरदेव झक मारते! दारात आला, मनकर्णाबाईनं पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी तोंडापुढं धरली.

हुंगली. अन् तोंड फिरवलं. कोणीकडं? भट्टीकडं!

म्या त्याची मान कुरवाळली. "खा रे बाबा... तूप लावू? दूध घालू?" नाही! मनकर्णाबाई मोठ्यानं म्हणे, "देवा, काय चुकलं रे आमचं?" अन् खालच्या आवाजात मले, "काय चुकलं ते मले पक्कं ठाऊक हाय!" आत पत्रावळी मांडलेल्या, सत्यवती दाराआड डोळे भरून उभी, अन् शेषराव नुसते बैलाकडं पाहून राहिले. मी म्हणलं, "बेगड टोचत असंल त्याले." मंग म्हणलं, "नजर लागली असंल." मंग म्हणलं, "फेट्याले भ्याला असंल तुमच्या!" काय बोलून राहिलो मलेच समजेना. दारूच्या भट्टीचा माल आमच्या कोठ्यात येते, हे या माणसाले समजलं तं सोयरीक गेली न! अन् बैल जेवला नाही तं घर जेवत नाही, घर जेवलं नाही तं सुपारी कायची फुटते?

तेवढ्यात शेषराव उठले. कवड्याच्या तोंडाशी गेले. अन् वास घेतला, बाप्पा!

म्या डोळेच मिटले. त्यायनं माझा हात धरला, कोठ्यामागं नेलं, अन् सुपारी फुटायच्या आधीच पोरीच्या आज्याले इवाई करून म्हणे, "इवाई, खरं सांगा. चोथा देता काय?"

खोटं बोलता येत नाही हो मले. मान हलवली. तं तो माणूस मटकन खालीच बसला. "सुटलो!" म्हणे. "आमचे दोनी बैल सकाळपासून पोळीकडं पाहत नाहीत! आमचा कलाल भट्टीले कुलूप लावून अमरावतीले गेला, तिथं कापसाच्या पेठेत गिऱ्हाईक दाट. घरचे सारे उपाशी बसले हायेत. म्या ऐकलं तुमच्या गावची भट्टी चालू हाय..."

"अन् सोयरीक?" माझा जीव तं तिथंच अडकला होता न.

"सोयरीकबी करू, काहून नाही? पण अगोदर चोथा पाहा!"

गेलो आमी दोघं म्हातारे, चोरासारखे, भिंतीच्या कडंकडंनं. अन् चंद्रभान दारातच उभा, हाताची घडी घालून! "चोथा हाय न. पण नत्थुजी, बैलाले आवतन देता, इवायाले बसवता, अन् ज्याच्या जिवावर तुमचा बैल जेवते, त्याले काहून नाही?"

हात जोडून आवतन दिलं. आणला त्यालेबी. पुरणपोळीवर चोथा कुस्करला, अन् कवड्यानं पत्रावळ सुद्धा ठेवली नाही! बैल जेवला, चंद्रभान जेवला, इवाई जेवले, सुपारी फुटली. देण्याघेण्यात काय मागितलं असंल त्यायनं? सोनं? एक टोपलं चोथा! नव्या फेट्यावर ठेवून गेले वलगावले, मांगं वळून पाहिलंबी नाही.

तवापासून आदल्या सांजेले मी कवड्याच्या कानात आवतन सांगतो, अन् तसाच हात जोडून चंद्रभानच्या दारी जातो. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या... अन् येताना टोपलं आणा." काय करता मंग? बैल जेवला नाही तं घर जेवत नाही!