गुलाबभाऊ बसले नाहीत

आमचे गुलाबभाऊ खासदार झाले ना, त्यानंतरची ही गोष्ट. त्याआधी ते नंदुरबारला जिनिंगमधल्या आम्हा कामगारांचे पुढारी. रनाळ्याच्या सखूबाईचा नवरा कापसाच्या आगीत गेला, तेव्हा भाऊ जिनिंगच्या गेटसमोर ठाण मांडून बसले होते.

दिल्लीत त्यांनी त्या आगीचा विषय काढला, त्या दिवशी आम्ही सगळे माझ्या घरी टीव्हीसमोर होतो. भाऊ चांगले बोलले. मेलेल्यांची नावं घेणार, तोच वेळ संपल्याची घंटी वाजली. भाऊ 'धन्यवाद' म्हणून खाली बसले.

पुढे ते नंदुरबारला आले, तेव्हा लोक हार घालत होते. सखूबाई रिकाम्या हातानं पुढे आली.

"भाऊ, गेटवर पोलीस ऊठ म्हनेत, तू उठना नही. तठे घंटी वाजनी, नि तू बसी ग्या?"

"तठला नियम शे, बहीण."

"मंग गेटवर नियम नव्हता का?"

भाऊंनी गळ्यातले हार उतरवले आणि मान खाली घातली.

पुढच्या अधिवेशनात ते पुन्हा त्याच आगीवर बोलायला उभे राहिले. या वेळी सखूबाईही माझ्या घरी टीव्हीसमोर होती. घंटी वाजली, तरी भाऊ उभेच. मग माइक बंद झाला. टीव्हीवर त्यांचे नुसते ओठ हलताना दिसत होते.

मी वैतागून म्हटलं, "काहीच ऐकू येत नही!"

सखूबाईनं पदर डोळ्यांना लावला.

"माले ऐकू वनं," ती म्हणाली. "त्यास्नं नाव लिधं भाऊनी."