चहा न घेण्याचा नियम

कप खाली ठेवू नकोस गड्या, आधी ऐक. चहाला नको म्हणून मी काय करून बसलो ते.

गावात नळाला पाणी कधी येणार, ते सांगणारं ॲप आम्ही करत होतो. लोकांना ते जमतंय का, हे विचारायला मी घरीच एक संच बनवला. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची पुठ्ठ्याची कार्डं आणि नियमांचा कागद. कुणीही फुकट घ्यावा, हवा तसा बदलावा, म्हणून नेटवर ओपन सोर्स टाकला. पहिलाच नियम होता, ज्याला विचारायचं त्याच्या घरी काही घ्यायचं नाही. म्हणजे कुणाला भीड पडणार नाही, उत्तर खरं मिळेल!

वडूजला ॲप दाखवायला हौसाकाकूंच्या घरी गेलो, तर त्यांनी आधी चहा टाकायला घेतला. मी म्हटलं, "नको, आधी काम." त्यांनी प्रत्येक प्रश्नाला हसरं कार्ड ठेवलं. आम्ही ॲप तसंच गावाला दिलं.

दोन महिन्यांनी गेलो, तर काकू रिकाम्या घागरी घेऊन शेजारणीच्या दारात उभ्या.

"अक्षरं लय बारीक हायती. मला दिसतच न्हाईत. पाणी येऊन जातंय."

"मग हसरं कार्ड का ठेवलंत?"

"आवं दादा, एवढ्या लांबनं आलेला माणूस, घोटभर चहाबी घेतला न्हाई. वर रडकं तोंड हातात देऊ व्हय?"

त्या दिवशी चहा घेतला. अर्धा कप संपेपर्यंत काकूंनी सात चुका सांगितल्या.

घरी येऊन मी तो नियम खोडला. पण संच तोवर किती जणांनी डाउनलोड केला होता! ते आत्ताही कुणाच्या तरी दारात बसून चहाला नको म्हणत असतील.