ओवा, दिवसातून दोनदा

घरच्या ओव्याच्या पुडीचीही इथे सिंगापुरात फॉर्मवर नोंद होते, हे तुम्हाला माहीत होतं का? आमची नऊ वर्षांची रेवा पुलाउ उबीन बेटावर कॅम्पला निघाली. पोट दुखलं तर असावा म्हणून सासूबाईंनी तिच्या बॅगेत भाजलेला ओवा टाकला. जेट्टीवर सेफ्टीवाल्या बाईंनी नेमकी तीच पुडी काढली. औषध मुलांजवळ ठेवायचं नाही, स्टाफच देणार, असा नियम.

"कोणी लिहून दिलंय?"

"माझ्या सासूबाईंनी."

बाईंनी शांतपणे तेच लिहून घेतलं. "किती वेळा?"

बोट सुटत होती. मी घाईत म्हणाले, "दोनदा."

तीन दिवसांनी रेवा परतली. पोट एकदाही दुखलं नव्हतं, तरी ओवा मात्र सकाळ-संध्याकाळ, स्टाफच्या सहीनिशी दिला होता. घरी थुंकून टाकणारी ही पोरगी तिथे गप खाते कशी, मला कळेना. विचारलंच. ती अस्सल सिंगापुरी सुरात म्हणाली,

"घरी आजी सांगते. तिथे फॉर्मवर होतं, आई. मस्ट फॉलो लाह."

सासूबाईंनी हे नीट ऐकून घेतलं. मग हळूच मला म्हणाल्या, "तो फॉर्म मिळतो कुठे गं? कारल्यासाठी हवाय."