मास्तरांची जाड फ्लॉपी

तो जुनाट कॉम्प्युटर भंगारात काहून देत न्हाई, म्हणून विचारता ना? मग ऐका.

जवळा बाजारच्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात सुमनकाकू आल्या. हातात मास्तरांची जाड फ्लॉपी अन् तिचा ड्राइव्ह. साध्या सत्तर फ्लॉप्यांचा माल एकटीत मावायचा, तसली. काकूंचे मालक, म्हणजे मास्तर, स्वतःची जीवनकहाणी टाइप करता करताच गेले. वीस वर्षं झाली. दुसरी प्रत कुठंच न्हाई.

नव्या विंडोजनं ड्राइव्ह ओळखलाच न्हाई. मग माळ्यावरचा हा जुना उतरवला. यानं बराबर ओळखला. फाइल उघडायला गेलो, तर पडद्यावर इंग्रजीत पाटी आली.

"काय म्हणून राहिलं?" काकूंनी विचारलं.

"फाइल मास्तर वापरून राहिलेत म्हणतंय. त्यांचं झालं की उघडेल."

फाइल उघडी असताना मशीन मधेच बंद पडलं की उघडणाऱ्याचं जुनं नाव तसंच अडकून राहतं, हे मला ठाऊक होतं. तेच सांगणार होतो, तेवढ्यात ड्राइव्हचा दिवा लुकलुकायला लागला. मी तर हातसुद्धा लावला नव्हता.

काकूंनी खुर्ची ओढली.

"मग घाई काहून करता? लिहू द्या त्यांना. मी बसते."